शेळीने आजीची धार काढली

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे यांस



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अंगणवाड्यांतून दर महिन्याला मुलांची उंची आपल्याकडे पोचते, वजन पोचतं, दंडाचा घेर पोचतो, कुणी किती दिवस गरम ताजा आहार घेतला तेही पोचतं. हे पोचायलाच हवं; कमी वजनाचं मूल वेळेत सापडावं म्हणूनच ही यंत्रणा उभी आहे. पुढे मूल शाळेत गेलं की निपुण भारतच्या चाचण्या सुरू होतात. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, मिनिटाला किती शब्द वाचतं. त्यात आकलनही तपासतात, पण मुख्यतः वाचलेल्या मजकुराचं. या दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते. कुणीतरी तोंडाने बोललेलं पूर्ण वाक्य त्या मुलाला समजतं का? कुणी, कुणाला, कधी, काय केलं हे त्याला नुसतं ऐकून उलगडतं का? मी नोकरीभर याच दोन तालुक्यांत प्राथमिक शाळेत शिकवलं, आता बोलावतील त्या अंगणवाडीत जाऊन बसतो. मुलांच्या या समजुतीबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. आणखी एक रकाना वाढवा म्हणायला मात्र हे पत्र नाही. सेविकांकडे रकाने पुरेसे आहेत.

आधी एक खेळ सांगतो. आपण दौऱ्यावर याल तेव्हा कुठल्याही अंगणवाडीत करून पाहा. मातीची किंवा कापडाची दोन खेळणी घ्यायची, एक आजी आणि एक शेळी. मुलाला म्हणायचं, मी सांगतो तसं करून दाखव. 'आजीने शेळीची धार काढली.' तीन वर्षांचं मूल आजीला उचलून शेळीजवळ बसवतं. बरोबर. आता म्हणायचं, 'शेळीने आजीची धार काढली.' पुष्कळदा तेच मूल अगदी गंभीर चेहऱ्याने पुन्हा आजीलाच शेळीजवळ बसवतं. पाच-सहा वर्षांचं मूल थबकतं, आपल्या तोंडाकडे बघतं आणि हसत सुटतं. धाकट्याला यातला एकही शब्द नवा नाही. घरी शेळ्या आहेत, आजी आहे, सकाळ-संध्याकाळ धार निघते. त्याने तिन्ही शब्द पकडले आणि जगात ते जसे जुळतात तसे जुळवले. थोरल्याने 'ने' आणि 'ची' कुठे लागले ते ऐकलं. जे कधी घडलं नाही आणि घडणार नाही तेही त्याला नुसत्या वाक्यातून दिसलं, म्हणून तो हसला. शब्द कळणं आणि वाक्य कळणं यांतलं अंतर एवढं आहे, आणि ते पार करायला मेंदूला काही वर्षं लागतात.

किती वर्षं, याचा अभ्यास जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत अँगेला फ्रीडरिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं केला. भाषेसाठी मेंदूच्या डाव्या बाजूचे दोन भाग फार महत्त्वाचे, हे आपल्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. कपाळाच्या मागच्या बाजूचा पॉल ब्रोका यांनी १८६१मध्ये दाखवला, कानाच्या वरचा-मागचा कार्ल व्हेर्निके यांनी १८७४मध्ये. पुढे कळलं ते असं की हे भाग सुटे काम करत नाहीत. त्यांना जोडणारे मज्जातंतूंचे जाड जुडगे असतात आणि वाक्य समजण्याचं काम या जोडणीवर बरंच अवलंबून असतं. डानिएला पेरानी, फ्रीडरिची आणि इतर संशोधकांनी २०११मध्ये अवघ्या दोन दिवसांच्या बाळांचे मेंदू तपासून दाखवलं की खालच्या बाजूने जाणारी वाट जन्मतःच तयार असते. वरून वळसा घेऊन थेट ब्रोकाच्या भागात पोचणारी वाट त्या बाळांत अजून दिसत नाही. ती हळूहळू घडते आणि सात वर्षांच्या मुलातही मोठ्या माणसाइतकी पक्की झालेली नसते. 'कोणी कोणाला' हा गुंता सोडवायला प्रामुख्याने हीच वरची वाट कामाला येते.

पक्की होणे म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावणं सोपं आहे. तंतूंवर मायलिन नावाचा चरबीयुक्त थर चढतो. नीरा डाव्या कालव्याला अस्तरीकरण केलं की पाणी वाटेत न जिरता टेलपर्यंत वेगाने पोचतं, तसा या थरामुळे संदेश न रेंगाळता पुढे जातो. (अस्तरीकरणाने विहिरींचं पाणी तुटतं की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. मेंदूत तो प्रश्न नाही.)

याच गटाने २०१४मध्ये आणखी एक निरीक्षण मांडलं. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या मेंदूत वाक्याचा अर्थ आणि वाक्याची रचना ही दोन कामं एकमेकांत मिसळलेली दिसतात. सहा-सात वर्षांपर्यंत ती सुटी होऊ लागतात, आणि नऊ-दहाच्या सुमाराला रचनेचं काम ब्रोकाच्या भागात वेगळं उठून दिसू लागतं. म्हणजे अंगणवाडीच्या दारात पहिलं पाऊल टाकल्यापासून चौथीच्या निरोपसमारंभापर्यंत ही बांधणी चालू असते. हा सगळा काळ आपल्या ताब्यातला आहे, साहेब. अंगणवाडी जिल्हा परिषदेची, प्राथमिक शाळाही जिल्हा परिषदेची.

मराठी मुलाला नेमकं काय सोडवावं लागतं, यावर थोडं थांबतो, कारण प्रशिक्षणांत हा भाग मी कधी ऐकला नाही. इंग्रजीत शब्दांच्या क्रमावरून कर्ता कळतो. अमेरिकेत कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिनकॉफ यांनी दाखवलं की बोलायला नीट न लागलेलं दीड वर्षाचं मूलही क्रमावरून योग्य चित्राकडे बघतं. मराठीत क्रम सैल आहे. 'वाघाने अस्वलाला ढकललं' आणि 'अस्वलाला वाघाने ढकललं' यांत काम करणारा एकच. भिस्त सगळी शेवटच्या प्रत्ययावर, आणि आपले प्रत्यय एकनिष्ठ नाहीत. 'मुलगी शेळीला बांधते' यात मुलीला काहीच लागलेलं नाही. तेच काल घडलं की 'मुलीने शेळीला बांधलं'. पण 'मी शेळीला बांधलं' म्हणताना 'ने' पुन्हा गायब. 'मुलीने विळ्याने ऊस तोडला' यात 'ने' दोनदा आलं, आणि विळा काही स्वतःहून ऊस तोडत नाही. 'ला'चं तर विचारू नका. 'मुलीला कोंबडीने टोचलं' यात मुलगी सोसणारी. 'मुलीला आंबा आवडतो' यात आंबा निमूट पडून आहे आणि आवड मुलीची. शिवाय घरी 'आज्जीनं', पुस्तकात 'आजीने'. हे सगळं कुणी न शिकवता चार-पाच वर्षांचं मूल बऱ्यापैकी उलगडतं, याचं आश्चर्य मला पेन्शनीत गेल्यावरही ओसरलेलं नाही.

डॅन स्लोबिन आणि थॉमस बीव्हर यांनी १९८२मध्ये चार भाषांतल्या मुलांची तुलना केली होती. तुर्की भाषाही आपल्यासारखी क्रियापद शेवटी ठेवणारी, प्रत्ययांवर चालणारी. तिथली दोन वर्षांची मुलंही शब्द उलटसुलट आले तरी कर्ता-कर्म ओळखत होती, कारण तुर्की प्रत्यय नियमित आहेत आणि स्पष्ट ऐकू येतात. उलट जर्मन मुलांना कर्म आधी आलेलं वाक्य नुसत्या विभक्तीवरून भरवशाने कळायला सात वर्षं उजाडतात, असं २००८च्या एका अभ्यासात दिसलं. तिथले प्रत्यय एकमेकांत मिसळतात. मला वाटतं, मराठी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. 'ने', 'ला', 'चा' ठसठशीत आहेत, पण त्यांचं वागणं बदलतं राहतं. प्रत्यय भरपूर वेळा आणि भरपूर प्रकारच्या वाक्यांत कानावर पडले तरच त्यांचा स्वभाव उमगणार.

आणखी एक अडचण. आपलं वाक्य शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कळत नाही. 'आई आज संध्याकाळी तुला न्यायला बारामतीहून येणार', इथवर मूल खूश. त्यानंतर 'नाही' आलं की सगळं उलटलं. तोवरचे सगळे शब्द मनात धरून ठेवायचे आणि शेवटच्या शब्दावर उलगडायचे, हे लहान मेंदूसाठी ओझं आहे. मोठ्यांनाही हे ओझं ठाऊक आहे. बारामती कवी मोरोपंतांची. पन्हाळ्याहून येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते इथे राहिले आणि १७९४मध्ये इथेच वारले. त्यांच्या आर्यांचा अन्वय लावताना आमच्या पिढीला घाम फुटायचा. कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या, मध्ये विशेषणांची गर्दी. तीन वर्षांच्या मुलाला आपली रोजची वाक्यं ऐकताना जवळजवळ तोच अन्वय लावावा लागतो, तोही तोंडी आणि धावत्या वेगात.

घटनांच्या क्रमाचंही तसंच. ईव्ह क्लार्क यांनी १९७१मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 'आधी' आणि 'नंतर' असलेली वाक्यं मुलं बहुतेकदा ज्या क्रमाने ऐकतात त्याच क्रमाने करून दाखवतात. मराठीत याचा प्रत्यय रोज येतो. 'हात धुऊन जेव' म्हटलं की छोट्या गटातलं मूल मोरीकडे वळतं. 'जेवायच्या आधी हात धू' म्हटलं की ते ताटाकडे निघतं, आणि आपण म्हणतो, ऐकत नाही कार्टं. ते ऐकतं, त्याला उलटा क्रम सुलटा करता येत नाही. म्हणून कायम 'धुऊन जेव'च म्हणावं असं नाही. दोन्ही म्हणावं, आणि दुसरं म्हणताना क्षणभर थांबून वाट पाहावी.

याचा हिशेब कुठे चुकता होतो? गणिताच्या तासाला. 'राजूकडे ८ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ३ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती?' दुसरी-तिसरीतली निम्मी मुलं 'जास्त' ऐकताच मिळवतात आणि ११ लिहितात. आठातून तीन गेले तर किती, हे विचारलं की तीच मुलं पटकन ५ सांगतात. वजाबाकी येते, वाक्य येत नाही. शेरा मात्र पडतो 'गणितात कच्चा'. वाचनाचंही असंच. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये मांडलेली गोष्ट साधी आहे. अक्षरांवरून शब्द उच्चारता येणं आणि ऐकलेलं समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. आपण शिक्षक पहिल्या बाजूवर वर्षानुवर्षं कष्ट घेतो. मिनिटाला ठरलेले शब्द वाचून दाखवणारं आणि 'काय वाचलंस?' विचारल्यावर जमिनीकडे बघणारं मूल मग आपल्याला कोडं वाटतं.

आता हे वाढतं कशाने, यावर. मुलांच्या कानावर किती शब्द पडतात याचे मोठमोठे आकडे मध्यंतरी फार गाजले; अमेरिकेत गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांमध्ये तीन कोटी शब्दांचा फरक असतो, असा तो दावा. पुढे त्यावर बराच वाद झाला आणि मला स्वतःला तो हिशेब गरिबांच्या घरांवर ठपका ठेवणारा वाटत आला. जास्त उपयोगी अभ्यास २०१८चा आहे. रेचल रोमिओ आणि जॉन गॅब्रिएली यांनी बोस्टन परिसरातली चार ते सहा वर्षांची ३६ मुलं घेतली. घरातलं दिवसभराचं बोलणं नोंदवलं आणि गोष्ट ऐकताना मुलांचा मेंदू कसा चालतो तेही पाहिलं. ज्या मुलांच्या घरी बोलण्याची देवाणघेवाण जास्त, म्हणजे मूल काही म्हणालं, मोठ्याने उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं, त्या मुलांचा ब्रोकाचा भाग गोष्ट ऐकताना जास्त जागा होता. कानावर नुसते किती शब्द पडले याचा तसा संबंध दिसला नाही. घरची मिळकत आणि आईवडिलांचं शिक्षण हिशेबात धरूनही हे टिकलं. मी आधी सांगितलेली वरची वाटही देवाणघेवाण जास्त असलेल्या मुलांत अधिक बळकट आढळली. एकामुळे दुसरं झालं असं यातून सिद्ध होत नाही, एवढी सावधगिरी संशोधक बाळगतात, मीही बाळगतो. पण दिशा कळायला हे पुरे. पलटून बोलायला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि समोर माणूस लागतं.

माणूसच लागतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या बाईकडून ऐकलेले ध्वनी बाळांनी उचलले. तीच बाई पडद्यावर दाखवली तेव्हा काहीच उचललं नाही. तो अभ्यास ध्वनींचा, वाक्यांचा नव्हे. तरी रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल देणाऱ्या आपल्या सगळ्यांनी तो लक्षात ठेवावा. शहरातल्या आईबापांचा वेगळाच घोळ. 'बाळा, बिस्किट ईट कर, मग हँड वॉश कर.' एमआयडीसीच्या बाजूला नव्या सोसायट्यांत हे सर्रास ऐकू येतं. मुलाला इंग्रजी यावं याला माझा विरोध नाही. पण या बोलीत वाक्य ना इंग्रजीचं असतं ना मराठीचं. दोन भाषा शिकवा, बिनधास्त शिकवा, पण ज्या भाषेत बोलाल त्या भाषेत पूर्ण वाक्य बोला.

अंगणवाडीत आपण काय ऐकतो? 'हे काय?' 'आंबा.' 'हे काय?' 'गाय.' 'रंग कोणता?' 'लाल.' मग बालगीत, मग 'बसा', 'उठा', 'रांग लावा', 'हात जोडा'. नामांची उजळणी आणि आज्ञा. मूल एका शब्दात उत्तर देतं आणि तिथेच बोलणं संपतं. दोष सेविकेचा नाही. समोर तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, खिचडीचं बघायचं, गरोदर मातांची नोंद, लसीकरणाचा दिवस, घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर चेहऱ्याची पडताळणी. रेंज नसली की फोन हातात धरून ओट्यावर उभं राहायचं. 'पोषण भी, पढाई भी' ही घोषणा २०२३मध्ये झाली. राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम तिच्या आधीपासून आहे आणि तो चांगला आहे. अडतं ते सकाळच्या वेळेवर.

माझं पहिलं मागणं म्हणून हे. दोन्ही तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत सकाळचा एक तास आपण लेखी आदेशाने मोकळा करा. त्या वेळात कुणी माहिती मागवायची नाही, फोन पिशवीत राहील. त्या तासात सेविकेने शिकवायचंही नाही, बोलायचं. कालचा बाजार, विहिरीत पडलेलं मांजर, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं. 'मग काय झालं?', 'का बरं?', 'कुणी कुणाला सांगितलं?' मूल म्हणालं 'कुत्रं चावलं', तर 'कुत्रं दादाला चावलं की दादा कुत्र्याला?' असं विचारायचं. एका प्रश्नात प्रत्यय दोन्ही बाजूंनी ऐकू आले आणि वर हशा. चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची, कारण बोलताना क्वचित येणारी लांब वाक्यं पुस्तकात येतात: 'जी मुलगी तळ्याकाठी बसली होती तिच्या टोपलीत...' मूल चुकीचं बोललं तर दुरुस्त करायचं नाही. तेच बरोबर करून आपल्या बोलण्यात परत द्यायचं. आणि 'नाय', 'व्हतं', 'आज्जीनं' ही चूक नव्हे. पुस्तकातलं 'ने' त्याला सावकाश भेटेल. घरच्या बोलीला कुणी हसलं की मूल गप्प होतं आणि गप्प मुलाशी पलटून बोलता येत नाही. शेजारी फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी तिथल्या लोकांच्या मराठीतल्या फरकांचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि मग तिथेच मुलांसाठी शाळा उभी केली. बोलीचा मान ठेवून शिकवता येतं हे पाहायला आपल्या सेविकांना लांब जायला नको.

दुसरं मागणं उसाच्या हंगामाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे या सगळ्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. बीड, जालना, पाथर्डी-शेवगाव, आणखी लांबूनही. कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारात कोयता निघतो, म्हणजे नवरा-बायको दोघंही निघतात, आणि कोपीवर राहतात ती लहानगी आणि त्यांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. आईबाप परततात तेव्हा अंगात जीव नसतो. ही मुलं भाषेने दरिद्री असतात असं मी अजिबात म्हणत नाही. बैलगाडीवर बसून आईशी केलेल्या गप्पा मी ऐकल्या आहेत आणि त्यातली वाक्यं आमच्या पाठ्यपुस्तकाहून वाकडी-तिकडी, रसरशीत असतात. पण मुलाला पलटून उत्तर देणारं मोठं माणूस दिवसातल्या बऱ्याच तासांत तिथे नसतं. आणि ही तीच वर्षं, जेव्हा वरची वाट घडत असते. तीन वर्षांच्या मुलाचे दरसाल पाच महिने असे गेले, तर सहाव्या वर्षी ते पहिलीत येईपर्यंत पंधरा महिने होतात.

पूर्वी औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. पुढे शिक्षण हक्क कायदा आला आणि मुलं नियमित शाळेत घ्यायची असं ठरलं. सहा वर्षांवरच्यांसाठी हमीपत्रं आहेत, वसतिगृहं आहेत, बालरक्षक शिक्षक आहेत. सहाच्या आतल्यांसाठी मात्र 'जवळच्या अंगणवाडीत नाव दाखल' एवढंच. जवळची अंगणवाडी दोन किलोमीटरवर, मध्ये कालवा आणि उसाच्या ट्रॉल्या. तिथपर्यंत त्या चिमुरड्याला नेणार कोण? नाव दाखल होतं, आहार कधीकधी पोचतो, बोलणं पोचत नाही. त्यात काही कुटुंबांची घरची भाषा बंजारा, काहींची भिली. त्या मुलांना आपलं 'ने' आणि 'ला' पहिल्यांदाच भेटतात. अशा मुलाला 'मंद' म्हणून बाजूला बसवलं जातं. ते एका भाषेतली वाक्यं नीट सोडवतं आणि दुसरीच्या दारात उभं असतं, हे लक्षात येत नाही.

यावर फार मोठी योजना मी सुचवत नाही. प्रत्येक मोठ्या तळावर, त्याच टोळीतली एखादी वयस्क बाई किंवा गरोदरपणामुळे तोडीला न जाणारी लेक, हंगामापुरती मानधनावर नेमावी. तिला त्यांची भाषा येते आणि मुलं तिला ओळखतात. आठवड्यातून दोनदा जवळच्या सेविकेने किंवा बोलकं काम करायची हौस असलेल्या माझ्यासारख्या पेन्शनर माणसाने तिथे जाऊन बसावं. पैशासाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, उसाच्या टनामागे रक्कम त्याच्यासाठीच जमा होते. कारखान्यांकडून एक पत्र्याची शेड आणि सतरंजी मागायला आपल्या पदाचा शब्द पुरेल. मोठ्या बहिणीला मात्र त्या कामावर नेमू नका. तिला शाळेत पाठवा.

कानांबद्दल थोडक्यात. तळावरच्या आणि वस्तीवरच्या मुलांचे कान वाहतात. 'फुटलाय कान, होईल बरा' म्हणून सोडून देतात. 'ने', 'ला', 'चा' हे शब्दाच्या शेपटाला लागलेले, बोलताना हलके पडणारे तुकडे आहेत. थोडं कमी ऐकणाऱ्या मुलाला 'शेळी' ऐकू जाते आणि शेपूट निसटतं. जन्मतः बहिरं असलेलं मूल उशिरा सापडलं तर नुकसान फार मोठं. रेचल मेबेरी यांच्या अभ्यासांत दिसतं की ज्यांना लहानपणी बोलीची नाही आणि खुणांचीही नाही अशी कुठलीच भाषा नीट मिळाली नाही, त्यांना पुढे वीस-तीस वर्षं खुणांची भाषा वापरूनही गुंतागुंतीची वाक्यं जड जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. त्यांतली एक फेरी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान कोप्यांवर ठेवावी आणि कान पाहणं त्यात सक्तीचं करावं. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या तपासणीसाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज राहू नये.

जिल्हा परिषदेने 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने शाळांतली मुलं निवडून त्यांना इस्रो आणि नासा दाखवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या गावच्या पारावरही त्याची चर्चा होती, आणि अभिमानाने होती. त्या निवड चाचणीतले प्रश्न सोडवायला जे लागतं, एक लांब वाक्य शेवटपर्यंत धरून त्याची उकल करणं, त्याची बांधणी तीन वर्षांच्या वयात सतरंजीवर सुरू होते.

गाळप हंगामाचा मुहूर्त यंदाही दिवाळीच्या आगेमागे लागेल. सकाळच्या मोकळ्या तासाचा आदेश आपल्या अधिकारात आहे, त्याला मंत्रालयाची वाट पाहावी लागू नये. तळावरच्या नेमणुकांना महामंडळाशी पत्रव्यवहार लागेल, तो आत्ता सुरू झाला तरच टोळ्या उतरायच्या वेळी बाई ठरलेली असेल. दोन तालुक्यांचे बालविकास प्रकल्प अधिकारी, महामंडळाचा माणूस आणि कारखान्यांचे शेतकी अधिकारी यांची एक बैठक इंदापूरला लावावी, ही विनंती. निरोप मिळाला तर मी आणि आमच्यातले चार-दोन निवृत्त शिक्षक स्वखर्चाने हजर राहू. बाहुल्या आम्ही आणतो.

आपला,
इंदापूर तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक